शेवंतीच्या नावाचा जप

शके १८०६, मार्गशीर्ष शुद्ध २. ठाणे

सकाळी सखुबाई आली. कोपरहून, भरतीबरोबर, होडीने. खाडीकाठी यांची मिठागरं आणि भातशेती. नवरा पंढरी अबोल, त्यामुळे दोघांचंही हीच बोलते. दरवर्षी नवे तांदूळ घेऊन येते आणि तासभर गप्पा मारून जाते. आज टोपली पडवीच्या कडेला टेकवली आणि रडायलाच लागली.

लेकीचं दुःख. शेवंतीची दोन मुलं गेली. एक आठव्या महिन्यात पोटातच, दुसरं जन्मून रात्र काढायच्या आत. आता पुन्हा दिवस गेलेत, सातवा सरत आलाय. बाळंतपणाला कोपरलाच आणून ठेवलीय. म्हणे — "भटजी, देव आमचा आयकत नाय. तुमी सांगा त्याला. तुमची त्याची रोजची वलख!"

मला हसू आलं. संतानगोपाळाचा जप सांगितला. उद्यापासून संक्रांतीपर्यंत, रोज सकाळी. तिला समजावून दिलं — नुसत्या जपाने भागत नाही बाई, आधी हातात पाणी घेऊन संकल्प सोडावा लागतो. कोणासाठी, कशासाठी, ते नाव-गोत्रासकट सांगायचं. टपालावर पत्ता घालतात तसं. मग पुण्य नेमकं शेवंतीच्याच घरी!

जावयाचं, म्हणजे दौलतचं, गोत्र विचारलं. "ता काय असतंय?" म्हणाली. ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप धरावं, अशी शास्त्रानेच सोय करून ठेवली आहे. माझंही काश्यपच. म्हटलं, "सखुबाई, म्हणजे आपण भाऊबंदच झालो की!" तेव्हा कुठे हसली. जाताना तांदूळ, वाल, गुळाची ढेप देऊन गेली. टोपलीला बोंबलांचा वास होता. आमच्या हिने पडवीवर दोन तांबे पाणी ओतलं आणि तांदूळ मात्र तत्परतेने आत नेले!

मार्गशीर्ष शु. ३

आरंभ केला. स्नान, संध्या, मग त्याच आसनावर संकल्प आणि जप. आवाज आज फार छान लागला. थंडीत गळा सुटतो माझा. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाजसुद्धा बंद झाला होता, म्हणजे कुटुंबही ऐकत असावं. अठ्ठावीस-तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या आवाजाचं कौतुक वाटणं ही काही लहान गोष्ट नाही.

दुपारी नव्या तांदळाचा भात आणि वर तूप. सुख!

मार्गशीर्ष शु. ७

संध्याकाळी राघोपंत बुद्धिबळं खेळायला. शेजारी राहतात, कोर्टात कागदांच्या नकला करतात, आणि इंग्रजी वाचतात — त्यामुळे देवावर त्यांचा राग असतो. मला वजीर घालवायला लावला आणि मग सुरू झाले.

"धोंडभट, परवा त्या बांधाच्या खटल्याचा निकाल लागला. वादीने अनुष्ठान बसवलं होतं, प्रतिवादीनेही बसवलं होतं. दोन्ही भट कौपीनेश्वराच्या देवळात मांडीला मांडी लावून बसलेले. आता देवाने करायचं काय?"

म्हटलं, "तुमच्या कोर्टात दोन्हीकडे वकील असतात. दोघेही पैसे घेतात. तिथे न्यायाधीश काय करतो?"

"तो पुरावा बघतो!"

"मग देवही बघत असेल."

हे बरं जमलं. (त्या दोन भटांपैकी एक मीच होतो, आणि तंबाखूची चंची दोघांत एक होती, हे मी राघोपंतांना सांगितलं नाही.)

मग डाव उलटून हरायला लागल्यावर ते खवचट झाले. "जगाला मुलं मिळवून देता. तुमचा पाळणा का हो रिकामा? दिव्याखाली अंधार म्हणायचा!" मी हसून प्यादं पुढे सरकवलं. ही सुपारी घेऊन दारापर्यंत आली होती. तबक तिथेच ठेवून आत गेली. राघोपंत वाईट माणूस नाहीत, जिभेला हाड नाही इतकंच.

मार्गशीर्ष वद्य १

थंडी. जप. बिरड्याची उसळ. आणखी काय हवं!

मार्गशीर्ष वद्य ९

सखुबाईचा निरोप. होडीवाला काळुराम चेंदणीच्या बंदरावर भेटला, त्याने सांगितलं — शेवंतीला आठवा लागला, पोट हलतं, भूक लागते, पोर चिंचा मागते आणि आईशी भांडते. "आता भांडते म्हंजी बरीच हाय," काळुराम म्हणाला.

घरी येताना पाय जमिनीला लागत नव्हते. आपल्या तोंडून निघालेल्या अक्षरांनी तिकडे खाडीपलीकडे एका पोटात बाळ हलतं! राघोपंतांनी काढावी याची नक्कल. हिला सांगितलं. हिने देवापुढे गूळ ठेवला. म्हणाली, "बरं झालं बाई. फार बरं झालं."

हिचा स्वर ओला होता. मला वाटतं हिला शेवंतीचा लळा लागलाय. एकदाच काय ती पाहिली असेल, लग्नाआधी, आईबरोबर आली होती तेव्हा.

पौष शुद्ध ४

आज एक गंमत. जप करताना डोळे मिटले आणि एकदम वाटलं, मांडीवर कोणीतरी बसलंय. लहान मूल बसतं तसं, ऊबदार, जड. डोळे उघडले तर मांडीवर उन्हाचा तुकडा! देवघराच्या झरोक्यातून आलेला. हसलो. पण दिवसभर मन कसं भरलेलं राहिलं. हा जप मला मानवतोय. इतकी अनुष्ठानं केली, पण असं कधी झालं नव्हतं.

पौष शु. ११

शेवंतीला नववा लागला. आठवा टळला!! सखुबाईने काळुरामाबरोबर शहाळी धाडली. राघोपंतांना एक शहाळं मुद्दाम दिलं. म्हटलं, "घ्या, पुरावा!" प्यायले मुकाट्याने.

संक्रांत

काय लिहू! लिहिण्याआधी दोनदा उठून पाणी प्यालो.

आज समाप्ती. सखुबाई पहाटेच्या भरतीने आली, पडवीच्या पायरीवर बसली. म्हणाली, आज सगला आयकूनच जाईन. मलाही हुरूप आला. संध्या आटोपली, हातात पाणी घेतलं, संकल्प खणखणीत म्हटला, पाणी सोडलं, जप केला. उठून बाहेर आलो, तिळगूळ दिला. तिने घेतला, पण काहीतरी राहिल्यासारखी बसून राहिली.

"भटजी, पोरीचा नाव कवा घेतलाव?"

"घेतलं की. संकल्पात."

"माना नाय आयकू आला."

"संस्कृतात असतं बाई ते."

"असंल. पन शेवंती ती शेवंतीच ना! दौलत तो दौलत. मी कान लावून बसलेली. मदी धोंडो का कायसा आयकला, बाकी काय नाय."

मी हसलो. म्हटलं, हळू म्हणतो मी ते. तिला पटलं. भोळी! भरती फिरायच्या आत निघून गेली.

आणि मी तसाच पडवीत उभा. मनात संकल्प पहिल्यापासून म्हणून पाहिला. तिथी, वार, नक्षत्र, आणि मग — काश्यप गोत्र... पुढे जीभ आपोआप कुठे जाते? धोंडोशर्मा! मुंज झाल्यापासून रोज संध्येत म्हणतोय, काश्यप गोत्राचा मी धोंडोशर्मा. संध्या संपते, त्याच आसनावर त्याच तोंडाने संकल्प, त्यातही काश्यप — आणि बैल जसा सवयीने आपल्याच गोठ्यात शिरतो तशी जीभ माझ्याच नावात शिरली. आज शिरली. काल? परवा? दौलतचं नाव तोंडातून बाहेर पडल्याचं एकाही दिवशीचं आठवत नाही. शेवंतीचंही नाही. आठवतं ते एवढंच — धोंडोशर्मा, सपत्नीक, दीर्घायुषी संतती व्हावी म्हणून.

म्हणजे संपूर्ण अनुष्ठान मी माझ्याच नावाने केलं! सखुबाईचे तांदूळ खाऊन स्वतःसाठी मूल मागत बसलो!

आज तिळाच्या पोळ्या होत्या. दोनच गेल्या.

पौष वद्य १३

हिला विचारलं. सरळ नाही, आडवळणाने.

"तू रोज ऐकतेस ना गं, आतून? मी संकल्पात काय म्हणतो?"

"मला मेलीला कुठे संस्कृत कळतं!" म्हणाली. आणि लगेच, "हळदीकुंकवाला वाटायला काय आणावं यंदा? फण्या की करंडे?"

फण्या, म्हटलं.

पौष अमावास्या

झोप नाही, जेवणावर मन नाही. मला! कुटुंबाने कपाळाला हात लावून पाहिला.

लोक काय म्हणतील हा विचार नाही. कोणाला कळणार आहे? पण शेवंतीचे दिवस भरत आले, आणि तिच्या वाटचं एक अक्षरसुद्धा वर गेलेलं नाही. ती पोर निर्धास्त आहे, आई निर्धास्त आहे, माझ्या भरवशावर. आधीची दोन गेली तेव्हा भीती तरी होती, सावध होत्या. आता मी त्यांची भीतीही काढून घेतली. हे मनातून जात नाही.

आणि दुसरी गोष्ट. ती इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार? मी स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. आई होती तेव्हा म्हणायची, "अरे, लष्कराच्या भाकऱ्या भाजतोस, एक आपल्या ताटात टाक की!" मी म्हणायचो, निष्काम असावं. खोटं! भीती वाटायची. मागितलं आणि नाही मिळालं तर? मग दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या मुलासाठी आसनावर कुठल्या तोंडाने बसायचं? लोकांचं नाही झालं तर त्यांचं प्रारब्ध म्हणता येतं. स्वतःचं नाही झालं तर काय म्हणायचं? त्यापेक्षा मागूच नये. रिकामा पाळणा परवडला. हिचं काय मत होतं, ते मी कधी विचारलं नाही.

आता जिभेने परस्पर मागून टाकलंय. तेही दुसऱ्याच्या वाटचं. वा धोंडभट!

नवा जप बसवला पाहिजे. पौषात आरंभ नको. उद्या माघ लागतोय. उद्याच कोपरला जातो, सखुबाईला खरं सांगतो, तिच्या हातून पुन्हा सुपारी घेतो आणि बसतो. शिव्या देईल. देऊ दे.

माघ शुद्ध २

काल गेलो, आज परत आलो. सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर हातून निसटेल.

काळुरामाच्या होडीत बसलो. खाडीवर गार वारं, दोन्हीकडे मिठाच्या पांढऱ्या राशी. वाटेत सखुबाईला सांगायची वाक्यं जुळवत होतो. "सखुबाई, एक चूक झाली" — नको. "सखुबाई, शास्त्र असं आहे की" — छे! शास्त्राला कशाला मध्ये ओढायचं? शेवटी ठरवलं, जे आहे ते.

धक्क्यावर उतरलो तर पंढरी धावत येताना. मला पाहून थबकला. त्याला वाटलं, देवानेच धाडला! जन्माचा अबोल माणूस, तोही बोलला — "भटजी, बरा झाला आयलाव. पोरीला कला लागल्यान सकालपासून."

झालं! जुळवलेली वाक्यं खाडीत गेली.

अंगणात बायकांची धांदल. आत शेवंतीचं कण्हणं. सखुबाई बाहेर आली, पदर खोचलेला, मला बघून हात जोडले आणि पहिलं वाक्य काय — "भटजी, शेंडीची गाठ सोरा!"

मला कळेना. पंढरीने समजावलं. बाळंतीण अडली की घरातल्या सगळ्या गाठी सोडतात, कुलपं काढतात, म्हणजे तीही मोकळी होते. पाहतो तर खरंच — पेट्यांची झाकणं उघडी, गाय दाव्यातून सोडलेली, मडक्यांवरची फडकी काढलेली, बायकांचे अंबाडे सुटलेले. त्यात माझी शेंडी तेवढी बांधलेली! सोडली.

आणि सोडल्यावर लक्षात आलं — आता मी काहीच करू शकत नाही. शेंडी मोकळी असताना संकल्प नाही, जप नाही, कोणतंच कर्म नाही. बांधावी तर सखुबाई मारील, सोडावी तर शास्त्र हात धरतं. म्हणजे पत्ता चुकलेला होताच, आता दौतीतली शाईही सांडली! मनातल्या मनात काही म्हणावं म्हटलं तर खरं सांगतो, एक अक्षर आठवेना. आतून ती किंचाळली की डोकं रिकामं व्हायचं. पंढरीने वालाच्या शेंगा पुढे ठेवल्या. दोघं सोलत बसलो. मोकळ्या शेंडीचा भट आणि मुका आगरी.

दुपार टळली. ऊन अंगणातून कुडावर गेलं. एकदा आतलं कण्हणं अगदी थांबलं. पंढरीच्या हातातली शेंग खाली पडली. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, संपलं सगळं, आणि ते माझ्यामुळे संपलं. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

मग टॅहां!

पंढरी उठला आणि कुडाला डोकं टेकून उभा राहिला. मी शेंगांच्या सालींत बसून रडलो. लाज कसली? रडलो. मुलगी झाली. धडधाकट, काळीसावळी, आवाज तर माझ्याहून मोठा. शेवंतीही बरी. पेज मागून प्यायली म्हणे.

रात्र त्यांच्या ओटीवर काढली. सकाळी मूल अजून होतं. आधीच्याने काढली नव्हती ती रात्र या मुलीने काढली. सूर्य वर आल्यावर सखुबाई आली, पायांवर डोकं ठेवायला वाकली. मी मागे सरलो. म्हटलं, "थांब. आधी ऐक." आणि सगळं सांगितलं. काश्यप, संध्या, जीभ, धोंडोशर्मा, सगळं.

ती ऐकत राहिली. पहिल्यांदा कपाळाला आठी.

"म्हंजी माजे पोरीचा नाव देवानं आयकलाच नाय?"

"नाही."

"येक दिवस पन?"

"एक दिवसही नाही, सखुबाई."

चिडली होती, ते स्पष्ट दिसत होतं. मग म्हणाली —

"मंग तिला वलखलान कसा त्यानं?"

तिनेच गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. "खावा. पन पुन्यांदा असा करू नका, भटजी. कोनाची तरी पोर असते ती."

माघ शु. ४

राघोपंतांना सांगितल्याशिवाय राहवेना. हसून हसून पगडी पडली त्यांची. मग गंभीर झाले आणि दर वाक्याला एक बोट दुमडू लागले. शेवंतीसाठी जप शून्य. शेवंती सुखरूप. तुमच्यासाठी जप पूर्ण. तुमच्याकडे काय? "धोंडभट, सरकारने लाख रुपये खर्चूनही इतका शुद्ध प्रयोग झाला नसता! निकाल लागला."

देव तारी त्याला कोण मारी, म्हटलं. ते म्हणाले, "मग तुम्ही मध्ये कशाला?"

डाव मीच जिंकला. आनंद झाला नाही.

माघ शु. ५

मुलीचं नाव हेमा ठेवणार म्हणे. काळुराम सांगत होता. फार आनंद झाला. त्या आनंदात काही खोट नाही. ती मुलगी आहे, जिवंत आहे, रडते आहे. माझ्यामुळे नसो! नसली म्हणून काय कमी गोड आहे?

माघ शु. ८

कल्याणहून विठ्ठलशेठ म्हणून गृहस्थ आले. मुलाचा ताप उतरत नाही, मृत्युंजय बसवायचा. चांगला माणूस. डोळे जागरणाने लाल. मी म्हटलं, वैद्य बघा चांगला. ते म्हणाले, वैद्य चालू आहे, वैद्याला यश यावं म्हणून तर आलो. म्हटलं, दुसरे कोणी पाहा, माझा गळा बसलाय. ते उपरणं सावरून गेले.

गळा बसलेला नाही. पण ज्याच्या असण्या-नसण्याने काही फरक पडत नाही, असं ते काम पुन्हा कसं करायचं? त्या माणसाच्या डोळ्यांकडे बघून तर मुळीच जमेना. पुराण सांगेन, मुंजी लावीन. पोटापुरतं आहे. दोघांना असं लागतं किती!

माघ शु. ९

दुपारी जेवणं झाल्यावर हिने विचारलं, "त्या कल्याणच्या माणसाला परत का लावलंत? गळा तर चांगला आहे." मग सांगितलं. जप कोणाच्या नावाने झाला, शेवंती तरीही कशी सुटली, आणि आता हे पुरे.

ही तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ते नाव मी घेत नाही. पण कानावर आलं की कळायचं नाही का?"

"मग बोलली का नाहीस गं?"

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या दोघांसाठी मागणं चाललं होतं. मध्ये कशी बोलू? मिळेल म्हणून नव्हे हो. आता काय वय आहे! नुसतं ऐकायला बरं वाटायचं." सुपातले तांदूळ थोडे पुढे ओढले. "आणि शेवंतीला उपाशी नाही ठेवलं मी. तुमचं इकडे सुरू झालं की मी चुलीपाशी तिचं नाव घ्यायची. रोज. मला मंत्र कुठले! देवा, कोपरच्या शेवंतीला सोडव. एवढंच."

मी तिच्याशेजारी बसलो आणि निवडू लागलो. खडा एकही दिसेना, डोळे भरून आले होते. उद्या पहिल्या गाडीने कल्याणला जातो.